नजीर की पुरावा? मेटलंड आणि न्यायालयातला इतिहास

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी डॉब्स खटल्यात गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द केला. हा हक्क देशाच्या इतिहासात आणि परंपरेत खोल रुजलेला आहे का, असा प्रश्न न्यायमूर्तींनी स्वतःला घातला होता. त्याच्या उत्तरासाठी ते थेट तेराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये गेले. हेन्री ब्रॅक्टन या इंग्लिश न्यायाधीशाच्या नावावर असलेल्या लॅटिन ग्रंथातले एक वाक्य त्यांनी उद्धृत केले: गर्भवतीला मारहाण करून किंवा विष देऊन गर्भपात घडवला आणि गर्भ आकाराला आलेला, सजीव झालेला असेल, तर तो मनुष्यवध. संदर्भ दिला तो ट्रॅव्हर्स ट्विस यांच्या १८७९ च्या आवृत्तीचा.

निकाल योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. प्रश्न त्याच्या आधीचा आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या एका वाक्यावर आजच्या माणसांचे हक्क ठरणार असतील, तर ते वाक्य न्यायालयात कोणत्या नात्याने येते? आप्तवाक्य म्हणून येते, की तपासून घ्यायचा पुरावा म्हणून? ही दोन नाती वेगळी आहेत, हे सर्वांत स्पष्टपणे सांगितले ते फ्रेडरिक विल्यम मेटलंड यांनी. इंग्लंडच्या राज्यघटनेच्या आणि कायद्याच्या इतिहासकारांत त्यांच्या तोडीचा माणूस झाला नाही, असे बहुतेक जाणकार मानतात. ऑक्टोबर १८८८ मध्ये केंब्रिजला डाउनिंग प्राध्यापकपद स्वीकारताना त्यांनी जे व्याख्यान दिले, त्याचा विषयच मुळी इंग्लिश कायद्याचा इतिहास आजवर का लिहिला गेला नाही, हा होता. त्यांचे उत्तर थोडक्यात असे: वकिलाला हवी असते नजीर, म्हणजे आधाराला घ्यायचा आधीचा निकाल, आणि ती जितकी नवी तितकी चांगली. इतिहासकाराला हवा असतो पुरावा, आणि तो जितका जुना तितका चांगला. वकील जुने वाक्य हातात घेतो तेव्हा मधल्या न्यायाधीशांनी त्याला जो अर्थ दिला, तो घेऊनच पुढे जातो. तेच त्याचे काम आहे. मात्र तो अर्थ मूळ काळावर लादला की इतिहास बिघडतो, आणि असा बिघडलेला इतिहास पुन्हा कायदा म्हणून वापरला की दोन्ही बिघडतात.

हे सांगणारा माणूस स्वतः वकील होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मेटलंड यांचा जन्म १८५० चा, लंडनचा. ईटन आणि ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण झाले, तत्त्वज्ञानात प्रथम श्रेणी मिळाली, पण ट्रिनिटीची फेलोशिप हुकली. मग लंडनमधल्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेतून १८७६ मध्ये बॅरिस्टर होऊन त्यांनी काही वर्षे जमिनींची खरेदीखते, लग्नाचे संपत्तिकरार आणि मृत्युपत्रे तयार करण्याचे काम केले. या कामात एका शब्दाने वारसा इकडचा तिकडे जातो. मसुदा लिहिणाऱ्याला प्रत्येक शब्दाने नेमके काय होते आणि तो शब्द नसता तर काय झाले असते, हे माहीत असावे लागते. मध्ययुगीन दस्त वाचताना हीच सवय त्यांच्या उपयोगी पडली. ज्याने कधी खत लिहिले नाही तो जुन्या खतातली नेहमीची ठरावीक शब्दावली आणि खरोखर नवी अट यांत फरक करू शकत नाही.

त्यांच्या या वळणाची एक सुंदर कथा सांगितली जाते. ११ मे १८८४, रविवार. ऑक्सफर्डच्या बागेत रशियन अभ्यासक पॉल विनोग्राडॉफ त्यांना सांगतो की तुमच्याच लंडनमध्ये मध्ययुगीन न्यायालयांची अख्खी दफ्तरे न वाचता पडून आहेत. आणि दुसऱ्याच दिवशी मेटलंड पब्लिक रेकॉर्ड ऑफिस हा सरकारी दफ्तरखाना गाठतात. कथा त्यांच्या चरित्रकाराने, म्हणजे मेव्हणे एच. ए. एल. फिशर यांनी लिहिलेली. पुढे पत्रे तपासली तेव्हा दिसले की दोघांची ओळख आधीच झाली होती आणि मे महिन्यापूर्वीच मेटलंड रेकॉर्ड ऑफिसमध्ये कामाला लागले होते. जवळच्या, प्रामाणिक माणसाने सांगितलेली गोष्टसुद्धा कागदाला लावून पाहावी लागते.

आता ब्रॅक्टनकडे परत येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. हा ग्रंथ तेराव्या शतकातला, प्रचंड आणि देखणा. त्यात राजाच्या न्यायालयांतले सुमारे ५०० खटले उल्लेखलेले आहेत, आणि त्या काळच्या युरोपात ही दुर्मीळ गोष्ट होती. विनोग्राडॉफ यांना ब्रिटिश म्युझियममध्ये एक हस्तलिखित सापडले. त्यात न्यायालयीन दफ्तरांतून उतरवून घेतलेले सुमारे २००० खटले होते, आणि ग्रंथातल्या उल्लेखांशी ते इतके जुळत होते की ही त्याच ग्रंथासाठी केलेली टिपणवही असावी, असा निष्कर्ष निघाला. मेटलंड यांनी ती १८८७ मध्ये तीन खंडांत छापली. त्यामुळे ग्रंथातले वाक्य एका हातात आणि मूळ खटला दुसऱ्या हातात धरून पाहण्याची सोय पहिल्यांदा झाली. नंतर १८९५ मध्ये त्यांनी ब्रॅक्टनचा मजकूर बोलोन्याचा रोमन कायद्याचा पंडित आत्सो याच्या मजकुराशेजारी ठेवून छापला. ग्रंथाचा कोणता भाग इंग्लंडमधल्या व्यवहारातून आला आणि कोणता इटलीतल्या पुस्तकातून उतरवला, हे वाचकाला डोळ्यांनी पाहता आले.

म्हणजे ब्रॅक्टनमधले एखादे वाक्य न्यायालयात वापरायचे असेल, तर किमान इतके विचारायला हवे. हे वाक्य कोणत्या हस्तलिखितात कसे आहे? ग्रंथकाराचे ते स्वतःचे आहे, की रोमन किंवा चर्चच्या कायद्याच्या पुस्तकातून घेतलेले? त्याच्या पुष्टीला खटला दिला आहे का? दिला असेल तर त्याची नोंद दफ्तरात सापडते का? सापडली तर निकाल काय लागला? आणि असे किती खटले, किती परगण्यांत, किती वर्षांत? ट्विस यांची आवृत्ती पहिल्याच प्रश्नाला अडखळते. सहा खंडांची ही आवृत्ती हस्तलिखितांच्या काटेकोर तुलनेवर उभी नाही. तिचा मजकूर बव्हंशी १५६९ च्या छापील पुस्तकाचाच आहे, आणि तिचा कमकुवतपणा मेटलंड यांच्या पिढीतच अभ्यासकांना ठाऊक होता.

निकाल काय लागला, हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तोच सर्वांत मोठा आहे. मेटलंड यांचे पहिले पुस्तक १८८४ चे: १२२१ साली ग्लॉस्टरशायरला आलेल्या राजाच्या फिरत्या न्यायाधीशांसमोरच्या फौजदारी खटल्यांची नोंद. त्यात सुमारे ३३० मनुष्यवधांचा उल्लेख होता. फाशी गेले अवघे १४ जण. सुमारे १०० जणांना कायद्याबाहेर घोषित केले गेले, म्हणजे ते पळून गेलेले होते. बाकीच्यांतले कोणी निर्दोष सुटले, कुणाचा मारेकरी कळलाच नाही, कुठे फिर्याद मागे घेतली गेली. केवळ कायद्याचा ग्रंथ वाचणारा म्हणेल की मनुष्यवधाला मृत्युदंड होता. दफ्तर वाचणाऱ्याला दिसेल की त्या दंडापर्यंत फार थोडे पोहोचत, आणि मधल्या वाटेवर शेजाऱ्यांचे मत, भीती आणि दयाही उभी होती. ‘मनुष्यवध’ हा शब्द ग्रंथात लिहिलेला असणे आणि त्या कृत्यासाठी माणसांना प्रत्यक्ष शिक्षा होणे, यांत शेकडो खटल्यांचे अंतर आहे. परंपरा कशाला म्हणायचे, हा वाद या अंतरातच मिटतो किंवा पेटतो.

हे काम किती कष्टाचे आहे, याची कल्पना छापील खंड पाहून येत नाही. मध्यवर्ती न्यायालयांची दफ्तरे मेंढीच्या कातड्याच्या लांब पट्ट्यांवर, कमालीच्या संक्षिप्त लॅटिनमध्ये लिहिलेली असतात. अशा अनेक पट्ट्या वरच्या टोकाला एकत्र शिवलेल्या. तळाकडची बाजू हाताळून झिजलेली, डागाळलेली. कारकून शब्द अर्धा लिहून वर एक फटकारा मारतो. तो फटकारा कुठल्या विभक्तीचा, हे चुकले तर वादी प्रतिवादी होतो. या दफ्तरात पक्षकारांची नावे, मागणी आणि निकाल मिळतात, पण वकील काय बोलले ते मिळत नाही. युक्तिवाद सापडतात ते ‘इयर बुक्स’ या टिपणांत, कायद्याच्या फ्रेंच बोलीत. ती टिपणे लिहिणाऱ्याला चर्चेत रस होता. पक्षकारांची नावे तो चुकवतो, गावे बदलतो, निकाल द्यायचे विसरतो. दुसऱ्या एडवर्डच्या काळातली ही टिपणे १६७८ मध्ये छापली गेली ती एकाच हस्तलिखितावरून, चुकांसकट, आणि वकील पुढची दोनशे वर्षे त्या चुकांसकटच ती उद्धृत करत राहिले. मेटलंड यांनी अनेक हस्तलिखिते शेजारी ठेवली, प्रत्येक खटल्याची मूळ नोंद दफ्तरातून शोधून जोडली, आणि वाचायला ती बोलीच नीट कळत नाही म्हणून १९०३ च्या पहिल्या खंडाला तिचे व्याकरण लिहून जोडले. तोपर्यंत प्रकृती ढासळली होती. १८९८ पासून ते हिवाळा कॅनरी बेटांवर काढत, आणि तिथे हस्तलिखितांच्या छायाचित्रांवरून मजकूर उतरवत.

या श्रमांचे राजकीय फलित काय, ते दोन ठिकाणी ठळक दिसते. पहिले पार्लमेंटचे. त्यांच्या आधीचे थोर घटना-इतिहासकार बिशप विल्यम स्टब्ज. त्यांच्या तीन खंडांच्या इतिहासात १२९५ चे पार्लमेंट आदर्श मानलेले होते, आणि तिथून लोकप्रतिनिधित्वाची सरळ चढण दिसत होती. व्हिक्टोरियन इंग्लंडला हे चित्र फार आवडे, कारण त्यात शेवटची पायरी त्यांचीच होती. मेटलंड यांनी १८९३ मध्ये १३०५ च्या पार्लमेंटची कागदपत्रे छापली. हे पार्लमेंट २८ फेब्रुवारीला वेस्टमिन्स्टरला भरले. परगण्यांचे सरदार आणि शहरांचे प्रतिनिधी २१ मार्चला घरी पाठवले गेले. राजाचे मंडळ मात्र बसून राहिले, आणि कामकाज पार्लमेंट म्हणूनच पुढे चालू राहिले. कागदांत बहुसंख्य आहेत ते अर्ज: कुणाची जमीन अडकली, कुणाचे देणे राहिले, कुणावर अधिकाऱ्याने जुलूम केला. ते स्वीकारायला आणि ऐकायला माणसे नेमलेली. म्हणजे त्या काळी पार्लमेंट म्हणजे मुख्यतः राजाच्या मंडळाची भरवलेली मोठी बैठक. न्याय, प्रशासन आणि कर यांची सरमिसळ. कायदे करणारी लोकसभा नंतर त्यातून घडली. मेटलंड यांनी स्टब्ज यांच्यावर जाहीर हल्ला केला नाही. कागद छापले, प्रस्तावना लिहिली, आणि वाचकाला मोजू दिले.

दुसरे उदाहरण अधिक तिखट आहे. १८७४ च्या उपासनाविषयक कायद्याखाली चर्चमधल्या काही पाद्र्यांना पूजाविधीच्या वादांवरून तुरुंगात जावे लागले, तेव्हा चर्च न्यायालयांची चौकशी करायला शाही आयोग नेमला गेला. १८८३ च्या त्याच्या अहवालाला स्टब्ज यांनी इतिहास जोडला. त्याचा रोख असा की मध्ययुगातही रोमचा धर्मकायदा इंग्लंडमध्ये आपोआप बंधनकारक नव्हता. हे मत अनेकांना सोयीचे होते: इंग्लंडचे चर्च आधीपासूनच स्वतंत्र, तर सोळाव्या शतकात रोमशी नाते तोडणाऱ्या आठव्या हेन्री राजाने फारसे काही मोडलेच नाही. मेटलंड यांनी विल्यम लिंडवुड याचा १४३० चा ग्रंथ उघडला. हा कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयाचा प्रमुख अधिकारी, अस्सल इंग्लिश माणूस, आणि पोपचा कायदा बंधनकारक आहे यात त्याला शंकासुद्धा येत नाही. आर्चबिशपचे नियम पोपच्या नियमांना पूरक तेवढे. १८९८ च्या पुस्तकात मेटलंड यांनी हे मांडले, आणि पुढच्या अभ्यासकांनी ढोबळमानाने त्यांचेच म्हणणे स्वीकारले. ते कोणत्याच चर्चचे अनुयायी नव्हते. वादात त्यांना काही मिळवायचे नव्हते, ही गोष्ट इथे कामी आली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. न्यायालयाला इतिहासकारासारखे थांबता येत नाही. समोर पक्षकार उभा असतो, निकाल द्यावाच लागतो, आणि जुन्या निकालांवर भिस्त ठेवल्याशिवाय कायदा स्थिर राहत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी एकमताने पार्लमेंटची तहकुबी रद्द केली, तेव्हा त्यांनी १६११ च्या राजघोषणांच्या प्रकरणाचा आधार घेतला: कायदा देईल तेवढाच विशेषाधिकार राजाला. मग हेही चूक म्हणायचे का?

नाही, आणि फरक इथेच आहे. १६११ चे तत्त्व पुढच्या चारशे वर्षांत न्यायाधीशांनी वापरत, घासत आजपर्यंत आणले. त्याची ताकद त्या अखंड वापरात आहे. ते तत्त्व मांडणारा न्यायाधीश एडवर्ड कोक याने त्या दिवशी नेमके काय म्हटले, त्याच्या मनात काय होते, हे उद्या वेगळे ठरले तरी तत्त्व कोसळत नाही. ही वकिलाची नजीर, आणि वकिलाने ती वापरावी. डॉब्समध्ये मात्र न्यायालय वस्तुस्थितीचे विधान करते: असा हक्क परंपरेत नव्हता. हे विधान खरे किंवा खोटे असू शकते. त्याला पुराव्याचे नियम लागले पाहिजेत. कोक आणि ब्रॅक्टन यांची नावे एकापाठोपाठ घेऊन ते सिद्ध होत नाही, कारण नामवंतांची रांग हा नजिरीचा मार्ग आहे. १२१५ मध्ये इंग्लंडच्या राजाने सरदारांना दिलेल्या मॅग्ना कार्टा या सनदेचेही असेच झाले. समान दर्जाच्या लोकांचा न्याय म्हणजे ज्यूरी, असा अर्थ सतराव्या शतकात रूढ झाला. १२१५ च्या सरदारांना तो अभिप्रेत नव्हता, हे मेटलंड यांच्या पिढीने दाखवले. तरी १२९७ मध्ये नोंदलेल्या प्रतीचे २९ वे कलम इंग्लंडच्या कायद्यात आजही उभे आहे, आणि उभे राहायला हरकत नाही. फक्त त्याचा आजचा अर्थ आजचाच आहे, हे मान्य करावे.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. भारतीय राज्यघटनेच्या ३२ आणि २२६ या अनुच्छेदांत हेबिअस कॉर्पस, मँडेमस, प्रोहिबिशन, को वॉरंटो, सर्शिओरारी ही इंग्लिश न्यायालयांच्या आदेशांची (रिटची) नावे जशीच्या तशी आहेत. मेटलंड यांनी आपल्या व्याख्यानांत म्हटले होते की दाव्यांचे जुने साचे आपण पुरले, तरी ते थडग्यातून आपल्यावर राज्य करतात. हेबिअस कॉर्पसचा जुना उपयोग माणसाला न्यायालयासमोर आणवण्यापुरता होता. सुटकेचे हत्यार तो नंतर झाला. मुंबईत १८२८ मध्ये याच आदेशावरून मोठा संघर्ष झाला. पुण्यात नातलगाच्या ताब्यात असलेल्या मोरो रघुनाथ या मुलाला हजर करण्याचा आदेश मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने काढला. गव्हर्नर माल्कम यांच्या सरकारने तो पाळू दिला नाही. न्यायाधीश जॉन पीटर ग्रँट यांनी १८२९ मध्ये न्यायालयच बंद केले, आणि प्रिव्ही कौन्सिलने न्यायालयाच्या विरुद्ध मत दिले. इंग्लंडच्या राजाचा आदेश पुण्यात चालतो का, हे त्या वेळी ठरले. आज मुंबई उच्च न्यायालयाचा तोच आदेश गडचिरोलीपर्यंत चालतो तो १९५० च्या घटनेमुळे. आदेशाच्या मध्ययुगीन वंशावळीमुळे नव्हे. वंशावळ जाणून घ्यावी. अधिकाराचा उगम तिच्यात शोधला, तर अधिकाराची मर्यादाही तिच्यातूनच शोधणारा कुणीतरी उद्या येईल.

मेटलंड यांना जुन्याचे प्रेम होते म्हणून ते जुन्याचे रक्षक होते, हा समज चुकीचा आहे. १८७९ मध्ये, प्राध्यापक होण्याआधी, त्यांनी निनावी लेखात जमिनीचा जुना वारसा-कायदा मोडीत काढावा, थोरल्याला सगळी जमीन देणारा नियम जावा, आणि जमिनीला इतर मालमत्तेसारखेच नियम लागावेत, असे मांडले होते. इंग्लंडने ते १९२५ मध्ये केले. इतिहास नीट कळला की जुन्या नियमामागचे कारण कधी संपले ते दिसते, आणि नियम टाकून देण्याचे धैर्य येते, अशी त्यांची धारणा होती.

मग न्यायालयांनी काय करावे? खटला परंपरेच्या वस्तुस्थितीवर उभा असेल, तर इतिहास खालच्या न्यायालयातच, तज्ज्ञ साक्षीदारांकडून, उलटतपासणीसह नोंदवला जावा. डॉब्समध्ये अमेरिकी इतिहासकारांच्या दोन मोठ्या संघटनांनी निवेदन दिले होते. पण निवेदनाची उलटतपासणी होत नाही, आणि न्यायमूर्तींवर त्याला उत्तर देण्याचे बंधनही नसते. उद्धृत मजकुराची आवृत्ती कोणती, ती का निवडली, मूळ नोंद पाहिली का, हे निकालात लिहिले जावे. कागद गप्प असेल तिथे ‘पुरावा नाही’ असे म्हणावे. ‘हक्क नव्हता’ असे म्हणू नये. आणि राज्याने दफ्तरे वाचण्याजोगी करण्यावर खर्च करावा. लिप्या वाचणारे तयार केले नाहीत, तर छायाचित्रांचे ढीग जमतील आणि उद्धृत होईल ते कपाटातले जुने छापील पुस्तकच.

मेटलंड १९०६ च्या डिसेंबरमध्ये लास पाल्मासला वारले, ५६ व्या वर्षी. ब्रॅक्टनचा ग्रंथ ब्रॅक्टननेच १२५० च्या दशकात लिहिला, असे ते धरून चालले होते. इंग्लिश कायद्याचे जुने दस्त आणि ग्रंथ छापणाऱ्या ज्या सेल्डन सोसायटीच्या १८८७ मधल्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता, तिच्याच सहकार्याने सॅम्युअल थॉर्न यांची नवी, चार खंडांची आवृत्ती १९६८ ते १९७७ या काळात निघाली. तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत थॉर्न यांनी दाखवले की ग्रंथाचा मोठा भाग १२२० आणि १२३० च्या दशकांतला, आधीच्या न्यायाधीशांच्या वर्तुळातला आहे. ब्रॅक्टन हा नंतर हात फिरवणारा. २०२२ च्या निकालाआधी ही आवृत्ती पंचेचाळीस वर्षे उपलब्ध होती.